तलाव ९८ टक्के भरले, मग आमची टाकी अर्धीच का? (मुंबईचं पाणी)

चौथा_मजला
११ सप्टेंबर, रात्री १०:५२

मंडळी, आज पेपरात वाचलं की सातही तलाव मिळून साठा ९८ टक्क्यांवर गेला. तुळशी तलाव भरून वाहतोय असा झकास फोटोही होता. तो बघत चहा पीत होते तेवढ्यात वॉचमनचा फोन, "मॅडम, नीचे की टंकी आज भी आधी."

आमची सोसायटी पश्चिम उपनगरात, एका टेकडीच्या उतारावर. २८ बिऱ्हाडं, इमारत पस्तीस वर्षांची. पाणी पहाटे ४:२५ ला येतं, ६:१० ला जातं. एप्रिलपासून मी सेक्रेटरी आहे (मीटिंगला उशिरा पोचले, तोवर माझं नाव लिहून झालं होतं), आणि तेव्हापासून आमच्या दाराची बेल फक्त पाण्यासाठी वाजते. भर पावसाळ्यात महिन्याला चार-पाच टँकर लागतात. टँकरचं बिल वाटून घेताना जे संवाद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मला एवढंच समजून घ्यायचंय की तलाव भरलेले असताना पाणी मधे जातं कुठे? आणि पहाटे ४:२५ हा मुहूर्त कोण काढतं?

टवाळखोर
११ सप्टेंबर, रात्री ११:०५

मुहूर्त पंचांगात बघून काढतात. अमृतवेळ संपली की चावी बंद.

मृण्मयी_
११ सप्टेंबर, रात्री ११:२०

वाचतेय. आमच्याकडे दुपारी २ ला येतं, नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं ते देवाला माहीत.

सपे_रिटर्न
१२ सप्टेंबर, सकाळी ७:४०

पुण्यात आमच्याकडे धरणं हाकेच्या अंतरावर आहेत. खडकवासला स्कूटरवरून दिसतं. तरीही टँकर येतो. त्यामुळे मुंबईकरांनी फार दुःख करू नये, हा सार्वत्रिक प्रसाद आहे.

जुनी_झडप
१२ सप्टेंबर, सकाळी ११:३२

चौथा_मजला, तुमच्या प्रश्नाला सविस्तर लिहितो. आयुष्यातली एकतीस वर्षं याच पाण्यात गेली. आधी शुद्धीकरणात होतो, मग वाटपात. आता निवृत्त, त्यामुळे वेळच वेळ.

पहिली गोष्ट, ते ९८ टक्के. सात तलावांची मिळून उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज जातं साधारण ३,९५० दशलक्ष लिटर, त्यातलं थोडं वाटेत ठाणे-भिवंडीला. भागाकार करून बघा, ३६६ येतात. तलाव काठोकाठ भरले तर शहराला एक वर्ष पुरतात, आणि तेही बाष्पीभवन धरलं नाही तर. पुढच्या वर्षासाठी शिल्लक अशी काही उरत नाही. म्हणून १ ऑक्टोबरला साठा किती आहे ते आम्ही परीक्षेच्या निकालासारखं बघायचो. ९८ टक्के याचा अर्थ "पुढच्या जुलैपर्यंत घोर नाही". तुमच्या टाकीत आज किती पडेल याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. रोज निघतं तेवढंच निघतं, तलाव ६० टक्के असो की १००.

आणि पेपरवाले ज्याचा फोटो छापतात त्या तुळशीची गंमत सांगतो. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर. दोन दिवसांचं पाणी! विहार भरला म्हणजे एक आठवडा. ते दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, शहराच्या हद्दीत, म्हणून फोटोग्राफरला सोयीचे. खरा कर्ता भातसा. ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी मुंबई एकट्या भातसावर. त्यानंतर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, तानसा आणि मोडकसागर. भातसा आणि अप्पर वैतरणा राज्य सरकारचे, बाकीचे महापालिकेचे. त्यामुळे मे महिन्यात पाणी घसरलं की "राखीव साठा द्या" म्हणून सरकारकडे पत्र जातं, ते या दोन धरणांतल्या साठ्याबद्दल असतं.

आता वाट. वैतरणा नदीवर तीन धरणं एकाखाली एक आहेत. इगतपुरी तालुक्यात अप्पर, त्याखाली मध्य, त्याखाली मोडकसागर. वरचं सोडलेलं पाणी खालच्यात येतं. मोडकसागर आणि तानसाचं पाणी पुढे बोगद्यांतून आणि माणूस आत उभा राहील एवढ्या नळांतून भांडुपला येतं, उताराने, पंपाशिवाय. १८९२ सालच्या तानसापासून ही पद्धत चालू आहे आणि मला आजही तिचं कौतुक वाटतं. शंभरेक किलोमीटर पाणी नुसतं आपल्या वजनाने चालत येतं. भातसाचं तसं नाही. ते धरणातून नदीत सोडतात, पिसे इथल्या बंधाऱ्यावर अडवतात, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग पुन्हा पंपाने पुढे ढकलतात. म्हणून पिसे-पांजरापूरला वीज गेली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुंबईत "कमी दाबाने पाणी" अशी बातमी येते.

शुद्धीकरणाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावणं आलंय.

गिरगाव_सोडलं
१२ सप्टेंबर, दुपारी १:१०

क्या बात है काका! तुळशी दोन दिवस हे वाचून मी बायकोला हाक मारून सांगितलं.

अवांतर: आमच्या आजोबांच्या वेळेपर्यंत गिरगावात वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. त्याआधीची मुंबई तर तळ्यांवरच जगायची, नावं अजून तशीच आहेत. धोबीतलाव, गोवालिया टँक, दोन टाकी, सी. पी. टँक (हा कावसजी पटेल यांचा तलाव, माझ्या मुलाला ते क्रिकेटच्या टीमचं नाव वाटायचं). १८५० च्या दशकात पाऊस दगा देऊन गेला तेव्हा शहरातली गुरं बाहेर हाकलली होती आणि बोरीबंदरला आगगाडीने पाणी आणलं होतं. आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली असतील. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने विहार बांधला, १८६० ला पाणी आलं. तुळशी १८७९. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास विहिरींत होतात म्हणून विहिरी बुजवायला किंवा झाकायला लावल्या. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर मात्र १७२५ पासून आहे तिथे आहे.

जुनी_झडप
१२ सप्टेंबर, दुपारी ४:१५

गिरगावकर, छान आठवण. मोडकसागरचं नावही आपल्या एका इंजिनिअरवरून आहे, न. वि. मोडक. धरण १९५७ चं.

शुद्धीकरण. भांडुप संकुलात जुना प्रकल्प रोज १,९१० दशलक्ष लिटरचा आणि नंतरचा ९०० चा. पांजरापूरला दोन मिळून १,३६५. काम काय, तर घरात आजी पाण्यात तुरटी फिरवायची तेच, मोठ्या प्रमाणावर. आलेल्या पाण्यात आधी थोडा क्लोरीन, मग तुरटीच्या जातीचं रसायन, ते जोरात ढवळायचं आणि मग हळूहळू. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि मोठ्या टाकीत तळाला बसतात. वरचं पाणी वाळूच्या गाळण्यांतून जातं. शेवटी पुन्हा क्लोरीन, असा बेताने की शेवटच्या नळापर्यंत चिमूटभर शिल्लक राहावा. तो शिल्लक राहणं फार महत्त्वाचं, कारण पाणी आमच्या हातून निघतं तेव्हा शुद्धच असतं, बिघडतं ते वाटेत.

जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात धरणात लाल पाणी येतं. त्या आठवड्यात आमची प्रयोगशाळा झोपत नसे. दर तासाला काचेच्या सहा भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी कमी-जास्त, यंत्राने ढवळायचं आणि कुठल्या भांड्यात पुंजके लवकर आणि जड बसतात ते बघायचं. त्यावर पुढच्या तासाचं प्रमाण ठरायचं. आमचे एक जुने सहकारी भांडं उजेडाकडे धरून, यंत्राच्या आधी, डोळ्यांनी सांगायचे, "तिसरं". बहुतेक वेळा तिसरंच निघायचं.

१८ जुलै २०२१ ची रात्र आठवत असेल. भांडुप संकुलातच पावसाचं पाणी शिरलं, विजेची यंत्रं बंद पडली आणि शहरभर पाणी उकळून प्या म्हणून सांगावं लागलं. मी तेव्हा घरी होतो, पण रात्रभर फोन हातातून सुटला नाही.

मृण्मयी_
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

काका, एक शंका. कधी कधी नळाचं पाणी दुधासारखं पांढरं येतं. सासूबाई म्हणतात पावडर जास्त पडली.

जुनी_झडप
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०२

मृण्मयी, काचेच्या ग्लासात भरून ओट्यावर ठेवा आणि बघत राहा. तळापासून वर स्वच्छ होत गेलं तर ती निव्वळ हवा. रिकाम्या नळात कोंडलेली हवा दाबाने पाण्यात मिसळते. दोन मिनिटांत निवळतं. गढूळपणा याच्या उलट, तो खाली बसतो. आणि वास आला तर मात्र सासूबाईंचं न ऐकता वॉर्डात तक्रार करा.

वाटेत बिघडतं म्हणालो ते याचमुळे. दिवसातून दोन-चार तास पाणी सोडायचं म्हणजे उरलेले वीस तास नळ रिकामा. भरलेल्या नळाला भोक असेल तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या नळाला भोक असेल तर बाहेरचं आत येतं. शेजारून गटार जात असेल तर काय येत असेल ते सांगायला नको. चोवीस तास पाणी हवं असं आम्ही इंजिनिअर म्हणतो ते चैनीसाठी नाही.

चौथा_मजला
१२ सप्टेंबर, रात्री ९:४८

काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करते. पण ४:२५ अजून राहिलंच.

जुनी_झडप
१३ सप्टेंबर, सकाळी १०:२०

येतोय तिकडेच.

भांडुपहून पाणी थेट तुमच्याकडे येत नाही. मधे शहरभर टेकड्यांवर सत्तावीस सेवा जलाशय आहेत. मलबार हिलचा हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली, माझगावचा भंडारवाडा जोसेफ बाप्टिस्टा बागेखाली, उपनगरात वेरावली, पवई, घाटकोपर, मालाड, ट्रॉम्बे वगैरे. लोक बागेत भेळ खातात आणि पायाखाली पाणी भरत असतं. हे जलाशय ठरावीक वेळात भरायचे आणि त्यांच्याखालच्या वस्त्यांना आळीपाळीने रिकामे करायचे. एकाच वेळी सगळ्यांची चावी उघडली तर कुणालाच दाब मिळणार नाही. म्हणून प्रत्येक जलाशयाखाली भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला वेळ. तुमच्या जलाशयावर कदाचित आठ-दहा भाग असतील. कुणाच्या तरी वाट्याला पहाट येणारच, ती तुमच्या आली.

आणि हे सगळं बटणावर चालत असेल असं वाटत असेल तर नाही. चावीवाले आहेत. गाडीतून तीन-चार जण निघतात, रस्त्यावरचं झाकण उचलतात, इंग्रजी टी सारखी माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खाली झडपेच्या डोक्यावर बसवतात आणि दोघं मिळून गोल फिरतात. बैलाशिवायचा घाणा. कुठल्या झडपेला किती फेरे हे त्यांना पाठ. आमच्या एका चावीवाल्याला मी विचारलं होतं, "नकाशात या झडपेला बावीस फेरे लिहिलेत, तू सतराच का देतोस?" म्हणाला, "साहेब, बावीस दिले तर खालची चाळ भरते आणि वरच्या शाळेला थेंब जात नाही." मी नकाशा बदलून घेतला.

आता तुमचं. तुम्ही उतारावर, त्यामुळे दाब मुळात कमी. पण निम्मीच टाकी भरते याची कारणं तीन-चार असू शकतात आणि त्यातली बरीचशी तुमच्या कंपाउंडच्या आत असतात. टाकीची लांबी-रुंदी सांगा.

आसनगाव_लोकल
१३ सप्टेंबर, दुपारी १२:४५

काकांचं सगळं खरं आहे, माहितीपूर्ण आहे. मी फक्त दुसऱ्या टोकाचं सांगतो.

माझं गाव शहापूर तालुक्यात. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मोडकसागर आमच्या शिवेवर. तुमच्या नळाचं गावठाण म्हणा ना. मी लहान असताना आई दोन हंडे घेऊन उतरायची ती ओहोळातल्या झऱ्यावर, आणि त्या वाटेवर एका जागी खाली बघितलं की धरणाचं पाणी चमकताना दिसायचं. एप्रिल-मे मध्ये आजही तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना टँकर लागतो. पाऊस आमच्याकडे इतका पडतो की भात कुजतो. पण कातळ आहे, पाणी मुरत नाही, आणि अडवलेलं ते पुढे जातं. डोंगरावरच्या पाड्यापर्यंत वर चढवायला पंप, वीज, नळ लागतात, ते मुंबईला उताराने जाण्याइतकं स्वस्त नाही.

मी रोज ५:०० च्या आसपास स्टेशनला निघतो. मुंबईला कामाला. तिथे ऑफिसात वॉटर कूलर आहे. गावचंच पाणी पितो मी, शंभर किलोमीटर येऊन.

टवाळखोर
१३ सप्टेंबर, दुपारी १:००

आसनगाव, इथे टवाळी सुचत नाहीये. कान पकडले.

सपे_रिटर्न
१३ सप्टेंबर, दुपारी २:२०

पण मग नवीन धरणं बांधायला विरोध कशाला? गारगाई, पिंजाळ किती वर्षं ऐकतोय.

आसनगाव_लोकल
१३ सप्टेंबर, दुपारी ३:०५

सपे, माधवराव चितळ्यांच्या समितीने १९९४ मध्ये तीन धरणं सुचवली, मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ. मध्य वैतरणा झालं, २०१४ पासून त्याचं ४५५ दशलक्ष लिटर रोज मिळतं. गारगाईचं ४४० मिळेल, पण त्यात तानसा अभयारण्याचं जंगल जाणार, लाखांत मोजावी लागतील एवढी झाडं, आणि वाडा-मोखाड्याकडचे पाडे उठणार. विरोध करणारे वेडे नसतात. तुमची सोसायटी पुनर्विकासाला जाताना भाडं, कॉर्पस, जागा किती महिने भांडता? तसंच, फक्त आमच्याकडे वकील नसतो.

गिरगाव_सोडलं
१३ सप्टेंबर, दुपारी ४:४०

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मनोरीचा प्रकल्पही ठरलाय ना, रोज २०० दशलक्ष लिटरचा?

जुनी_झडप
१३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

ठरलाय. पण त्याला वीज फार लागते, त्यामुळे ते पाणी महाग पडणार. शिवाय शहराची गरज ३,९५० वर थांबलेली नाही, ती केव्हाच ४,००० च्या पुढे गेली. माझं मत विचाराल तर नव्या धरणाआधी गळती. पाव ते एक तृतीयांश पाणी गळती आणि चोरीत जातं असं आपणच मान्य करतो. म्हणजे गारगाईसारखी दोन धरणं आजच आपल्या रस्त्यांखाली वाहतायत. पण गळती शोधणं म्हणजे रात्री दोन वाजता कानाला काठी लावून रस्ता ऐकत फिरणं. त्याचं भूमिपूजन होत नाही.

खोल बोगदे केले त्याचं एक कारण हेच. शंभर मीटरच्या आसपास खाली, कातळात, ना गळती ना अतिक्रमण. तरी २०२२ च्या शेवटी ठाण्यात कुणीतरी कूपनलिका खोदताना थेट बोगद्यालाच भोक पाडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईला १५ टक्के कपात. एका बोअरची किंमत.

वस्तीतला_मुलगा
१३ सप्टेंबर, रात्री ११:१५

पहिल्यांदाच लिहितोय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या.

इमारतीत माणशी १३५ लिटर धरतात आणि झोपडपट्टीत ४५, हे कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या गल्लीत पाच-पाच घरांना मिळून एक नळ होता. त्यातही बरीच वर्षं कट-ऑफची तारीख आडवी यायची, अमुक सालानंतरची झोपडी असेल तर नळच नाही. मग पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. त्याआधी आम्ही ३५ लिटरचा कॅन विकत घ्यायचो, सायकलला दोन बाजूंना दोन. बिलात हजार लिटरला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आम्ही एका कॅनला त्याहून जास्त दिलेत. मला ते गणित सहावीत असताना समजलं, आणि आता मी सीए करतोय.

मृण्मयी_
१३ सप्टेंबर, रात्री ११:४०

लिहीत राहा रे. छान लिहितोस.

चौथा_मजला
१४ सप्टेंबर, सकाळी ८:००

वरचं सगळं वाचून जरा गप्पच झाले होते. तरी, काका, टाकी आतून ६ मीटर बाय ३ मीटर.

जुनी_झडप
१४ सप्टेंबर, सकाळी ९:१५

म्हणजे पृष्ठभाग १८ चौरस मीटर, एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १८० लिटर. तुमची २८ घरं, घरी पाच माणसं, माणशी १३५ धरले तर १८,९०० लिटर हवेत. सेंटिमीटरमध्ये १०५. आणि तुमची वेळ ४:२५ ते ६:१०, ती पण १०५ मिनिटं! ठरवून केल्यासारखं. मिनिटाला एक सेंटिमीटर चढलं पाहिजे.

एक सरळ काठी घ्या, सेंटिमीटरच्या खुणा करा. पहाटे पाणी यायच्या आधी एकदा आणि मग दर पंधरा मिनिटांनी मोजा. पंप बंद ठेवून. त्याच पहाटे शेजारच्या सोसायटीची टाकी किती भरते तेही विचारा. दोघांचंही कमी असेल तर दोष रस्त्यावर. तुमचंच कमी असेल तर दोष घरात.

चौथा_मजला
१६ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मोजलं. रात्रीचा गाऊन, वर रेनकोट, हातात मोबाइलची बॅटरी आणि गणपतीच्या मखराचा उरलेला बांबू. वॉचमनला वाटलं साप निघाला.

४:२५ ला झाकणाखालून आधी नुसती हवा फुसफुसली, मग तपकिरी धार, मग स्वच्छ. पहिल्या पंधरा मिनिटांत ९ सेंटिमीटर. मग ८. मग ८. एकदम सुतासारखं. ६:१० ला एकूण ५८. म्हणजे १०,४४० लिटर, माणशी ७५ सुद्धा नाही.

शेजारच्या वॉचमनने सांगितलं की त्यांची टाकी साडेपाचलाच भरते आणि वरून वाहते. तो म्हणाला, "हम तो रोज झाड को डालता है."

जुनी_झडप
१६ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मग तुमचा रस्ता निर्दोष. धार शेवटपर्यंत सारखी आहे म्हणजे दाबही टिकतोय, वाट अरुंद आहे. पस्तीस वर्षांची इमारत, रस्त्यापासून टाकीपर्यंतचा नळ लोखंडी असणार. परवानाधारक प्लंबरकडून रीतसर अर्ज करून बदलून घ्या. आणि कुणीही "त्यापेक्षा ओढायला मोटर लावू" म्हणालं तर ऐकू नका. बेकायदा तर आहेच, वर तुमची मोटर पुढच्यांचं पाणी ओढते आणि नळाच्या भोकांतून गटारही.

चौथा_मजला
२९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

धागा वर काढतेय.

परवानगी, खोदकाम, दोन जनरल बॉडी आणि एक रुसवा-फुगवा यांत सहा आठवडे गेले. काल नळ निघाला. दोन इंची नळ, प्लंबरने करवतीने कापून तुकडा माझ्या हातात दिला. आत गंजाची फुलं धरलेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, आणि मधे जेमतेम माझा अंगठा जाईल एवढी वाट. तो तुकडा मी नोटीस बोर्डाखाली ठेवलाय. लिफ्टची वाट बघणारं प्रत्येक माणूस त्यात डोकावून जातं. "वरूनच पाणी सोडत नाहीत" असं दोन वर्षं ठामपणे सांगणारे आमचे माजी अध्यक्ष सध्या जिन्याने जातात.

आज पहाटे काठी: ९७.

टवाळखोर
२९ ऑक्टोबर, रात्री १०:२२

अभिनंदन! आता राजीनामा देऊ नका, पुढची तीस वर्षं तुम्हीच सेक्रेटरी.

आसनगाव_लोकल
३० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

मस्त ताई. लोकलमध्ये वाचून मोठ्याने हसलो.

मृण्मयी_
२१ मे, दुपारी ३:३०

हा धागा शोधून वर आणला. काका, कपात होणार का हो? पेपरात रोज टक्के येतायत.

जुनी_झडप
२१ मे, संध्याकाळी ५:००

हिशोब सोपा आहे, तुम्हीच करा. एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. वीस टक्के असतील तर ७३ दिवस, दहा असतील तर ३६. पाऊस जूनमध्ये शहरात पडून उपयोग नाही, तो धरणांवर पडायला हवा आणि तिथे जोर धरायला जुलै उजाडतो. २०२४ ला ३० मेपासून पाच आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली होती. जुलैअखेरपर्यंत पुरत नाही असं दिसलं की करावीच लागते.

आसनगाव_लोकल
२१ मे, रात्री ९:२०

आमच्या पाड्यावर टँकर एक दिवसाआड सुरू झालाय. विहिरीत ओततात आणि मग सगळ्या बाया एकदम दोर सोडतात. रविवारी मी पण ताईंसारखी काठी नेली होती. ओतल्यावर ४० सेंटिमीटर होतं. वीस मिनिटांनी तळाचा दगड दिसला.

चौथा_मजला
२२ मे, सकाळी ६:२५

आसनगाव, वाचलं. काय लिहू कळत नाही. पाड्यावर साठवणीच्या टाक्या किंवा नळाचं काही काम निघालं तर मला व्यक्तिगत निरोप करा. आमच्या टँकरच्या खात्यात ऑक्टोबरपासूनचे पैसे पडून आहेत, ते कुठे वळवायचे ते रविवारी मीटिंगमध्ये मांडते.

आमच्याकडे आज ९६. वॉचमनने काठीवर ८७ ला खडूने आधीच एक रेघ मारून ठेवलीय. विचारलं तर म्हणाला, "दस परसेंट का निशान है मॅडम."